राजपदाचे शब्द आणि घरचा वारसा : ग्वाल्हेरच्या इतिहासातून एक अभ्यास

राज्ये गेली, संस्थाने विलीन झाली. परंतु त्यांच्या दप्तरांतील शब्द अद्यापि आपल्या बोलण्यात टिकून आहेत. “आमच्या घराची गादी पुढे कोण चालविणार?” असा प्रश्न दोन एकरांचा धनी असलेला शेतकरीही विचारतो. वारस, दत्तक, अज्ञान, पालक, हक्कसोड हे शब्द तर महसुली कागदपत्रांत रोज लिहिले जातात. याच शब्दांच्या अर्थावर एके काळी राज्ये टिकली अथवा बुडाली, आणि आज याच शब्दांच्या अर्थावर एखाद्या विधवेचा वा मुलीचा जमिनीतील हिस्सा अवलंबून असतो. म्हणून या शब्दांची ओळख करून घेणे हा केवळ विद्वानांचा विषय नव्हे.

या अभ्यासासाठी ग्वाल्हेरइतके सोयीचे दुसरे स्थळ क्वचितच सापडेल. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे शिंदे घराणे उत्तरेत गेले आणि दौलतराव शिंदे यांच्या काळी, १८१० च्या सुमारास, त्यांच्या फौजेची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्यालगत स्थिरावली. त्या छावणीचेच पुढे ‘लश्कर’ नावाचे शहर झाले. येथे दरबारची मराठी, प्रजेची हिंदी आणि इंग्रज रेसिडेंटची इंग्रजी अशा तीन भाषा एकत्र नांदल्या. तिन्ही भाषांत राजपदाचे शब्द होते. पण त्यांचे अर्थ मात्र तंतोतंत जुळत नव्हते.

हीच अडचण ओळखून शिवछत्रपतींच्या कारकीर्दीत रघुनाथपंडितांकरवी ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करण्यात आला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. विसाव्या शतकात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांनी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा अनेक भाषांतील शासनशब्दांचा कोश सिद्ध करविला. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६० साली, तर केंद्र शासनाचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ साली अस्तित्वात आला. राज्यकारभाराचा शब्द नेमका असावा, ही जाणीव आपल्याकडे जुनीच आहे.

वारस आणि उत्तराधिकारी

इंग्रजीत ‘एअर’ म्हणजे मालमत्तेचा वारस आणि ‘सक्सेसर’ म्हणजे पदावर मागाहून येणारा. हिंदीत पहिल्यास ‘वारिस’ व दुसऱ्यास ‘उत्तराधिकारी’ म्हणतात. मराठीतील ‘वारस’ हा मूळ अरबी शब्द, तर ‘उत्तराधिकारी’ हा संस्कृत. ‘उत्तर’ म्हणजे नंतरचा आणि ‘अधिकार’ म्हणजे हक्क. व्यवहारात आपण हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. तथापि दोहोंत मोठा फरक आहे. मालमत्तेचे वारस अनेक असू शकतात. पदाचा उत्तराधिकारी मात्र सामान्यतः एकच असतो. पाटलाच्या जमिनीचे चार हिस्से होतील, पण राजाच्या सिंहासनाचे चार तुकडे होत नाहीत.

या नियमालाही अपवाद सापडतो. माळव्यात देवास येथे पवार घराण्याच्या दोन भावांच्या वंशजांची ‘थोरली पाती’ आणि ‘धाकटी पाती’ अशी दोन स्वतंत्र राज्ये एकाच शहरात नांदत होती. परंतु अन्यत्र बहुतेक ठिकाणी ज्येष्ठ पुत्राकडे राज्य जाण्याचा प्रघात होता. त्यास इंग्रजीत ‘प्रायमोजेनिचर’ म्हणतात. हिंदीत व मराठीत त्यास ‘ज्येष्ठाधिकार’ म्हणता येईल.

दत्तकाने चाललेली गादी

ग्वाल्हेरच्या गादीचा इतिहास हा बव्हंशी दत्तकाचा इतिहास आहे. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजी शिंदे निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता. त्यांच्या भावाचे नातू दौलतराव यांच्याकडे सरदारी आली. पण महादजींच्या विधवांशी त्यांचे बिनसले आणि त्या कलहाचे रूपांतर लढाईत झाले. पुढे दौलतरावही १८२७ साली निपुत्रिक वारले. त्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी शिंदे कुळातील एक मुलगा दत्तक घेतला. तेच जनकोजीराव होत. जनकोजीरावही ७ फेब्रुवारी १८४३ रोजी निपुत्रिक वारले. त्यांच्या पत्नी ताराबाई त्या वेळी अवघ्या बारा-तेरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या मांडीवर आठ-नऊ वर्षांचा मुलगा दत्तक देण्यात आला. तेच पुढे महाराज जयाजीराव झाले.

‘अडॉप्शन’ या इंग्रजी शब्दास हिंदीत ‘गोद लेना’ असा घरगुती व सुंदर प्रयोग आहे. ‘गोद’ म्हणजे मांडी. आपणही ‘मांडीवर घेणे’ असे म्हणतोच. कायद्याच्या भाषेत मात्र दोन्हीकडे ‘दत्तक’ हाच शब्द चालतो. पोटच्या पुत्रास ‘औरस’ म्हणतात. धर्मशास्त्राप्रमाणे विधिपूर्वक घेतलेला दत्तक हा औरसाच्याच जागी बसतो. घराचे नाव, देवघर आणि इस्टेट सारे त्याच्याकडे येते.

एका शब्दाने बुडालेले राज्य

ग्वाल्हेरपासून सुमारे १०० किलोमीटरवर झाशी आहे. तेथील राजे गंगाधरराव यांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी आनंदराव नावाचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी येथे ‘वारस’ आणि ‘उत्तराधिकारी’ यांतील फरक पुढे केला. दत्तक पुत्र खाजगी मालमत्तेचा वारस होईल. परंतु कंपनी सरकारच्या संमतीवाचून तो राज्याचा उत्तराधिकारी होणार नाही, असे ठरविण्यात आले आणि १८५४ साली झाशी खालसा झाली. त्यापूर्वी १८४८ साली साताऱ्याचे राज्य याच न्यायाने गेले होते. नागपूरही १८५४ सालीच गेले. या धोरणास इंग्रजीत ‘लॅप्स’ म्हणत. हिंदी इतिहासग्रंथांत त्यास ‘व्यपगत का सिद्धांत’ किंवा ‘हड़प नीति’ म्हटले आहे. पहिला शब्द कायद्याचा, दुसरा लोकांच्या अनुभवाचा. लोकांनी जे अनुभवले ते दुसऱ्या शब्दात अधिक नेमके उतरले आहे, असे म्हणावे लागते.

अवघ्या दहा वर्षांपूर्वी ग्वाल्हेरचा दत्तक मान्य झाला होता आणि झाशीचा झाला नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. विधी तोच, शास्त्र तेच. पण अर्थ लावण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता, त्याने दोन ठिकाणी दोन अर्थ लावले.

जून १८५८ मध्ये या साऱ्या प्रश्नांची गाठ ग्वाल्हेरच्याच भूमीवर पडली. राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे व रावसाहेब यांनी शहर घेतले, तेव्हा जयाजीराव आग्र्यास निघून गेले. ग्वाल्हेरात नानासाहेबांच्या नावाने पेशवाईची द्वाही फिरली. नानासाहेब हे दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र. बाजीरावांचे वार्षिक आठ लाख रुपयांचे पेन्शन त्यांना नाकारण्यात आले होते. लक्ष्मीबाईंचा दत्तक पुत्र नाकारला गेला होता. आणि ज्यांची राजधानी घेतली गेली ते महाराज स्वतः मान्य झालेले दत्तक होते. याच लढ्यात राणीने ग्वाल्हेरजवळ देह ठेवला; त्यांची समाधी तेथे फूलबाग परिसरात आहे.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनीही बोध घेतला. लॉर्ड कॅनिंग यांनी १८६२ साली संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, आणि औरस पुत्र नसल्यास दत्तकाने राज्य चालेल हे लेखी मान्य झाले. तोवर झाशीचे राज्य गेले ते गेलेच.

रीजेंट म्हणजे कोण?

राजा लहान असेल तर त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्यास इंग्रजीत ‘रीजेंट’ म्हणतात. हिंदीत यास ‘राजप्रतिनिधि’ किंवा ‘संरक्षक’ असे शब्द आढळतात. मराठीत ‘राज्यप्रतिनिधी’, ‘कारभारी’ किंवा ‘मुखत्यार’ असे शब्द आढळतात. यांतील पहिला शब्द ‘व्हाइसरॉय’ यासही वापरला जातो, त्यामुळे घोटाळा संभवतो. व्हाइसरॉय हा दूर असलेल्या सज्ञान राजाचा प्रतिनिधी. रीजेंट हा जवळच असलेल्या लहान राजाचा.

हा शब्द ग्वाल्हेरला दोनदा महाग पडला. बायजाबाईंनी १८२७ ते १८३३ पर्यंत राज्य चालविले. हयातभर कारभार आपल्याच हाती राहावा अशी त्यांची इच्छा होती. जनकोजीराव व त्यांचे पक्षकार मात्र बाईंचा अधिकार राजा लहान असेतोवरचाच, असे मानीत होते. अखेर १८३३ साली बाईंना राज्याबाहेर जावे लागले. दुसरा प्रसंग १८४३ चा. इंग्रजांच्या पसंतीने मामासाहेब कदम कारभारी झाले; ताराबाईंच्या पक्षाने त्यांना दूर सारून दादा खासगीवाले यांना पुढे आणले. कारभारी कोण, या वादात इंग्रज फौज चालून आली आणि २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनिहार येथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. दोन्हींत ग्वाल्हेरच्या फौजेचा पराभव झाला व नंतरच्या तहाने कारभार रीजन्सी कौन्सिलकडे गेला. पुढे १८८६ साली माधवराव आणि १९२५ साली जिवाजीराव हे दोघेही बालवयातच गादीवर आले, तेव्हाही कौन्सिल नेमावे लागले. जिवाजीरावांना पूर्ण अधिकार १९३६ साली मिळाले.

आपल्या गावातही ‘रीजेंट’ असतो. सात-बाराच्या उताऱ्यावर ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे पुष्कळांनी पाहिली असतील. त्यांचा अर्थ ‘अज्ञान पालक कर्ता’. जमीन अज्ञान मुलाची. चुलता, आई अथवा अन्य कोणी पालक तिची देखभाल करणार. तो मालक नव्हे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमानुसार अज्ञानाच्या स्वतःच्या मालकीची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकासदेखील न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. मूल सज्ञान झाले की पालकाचे काम संपते. बायजाबाई आणि जनकोजीराव यांच्यातील वादाचे मूळ हेच होते.

राणी, राजमाता आणि युवराज

‘क्वीन’ या एका इंग्रजी शब्दात तीन व्यक्ती दडलेल्या आहेत. स्वतःच्या हक्काने राज्य करणारी ती एक. राजाची पत्नी म्हणून मान मिळालेली ती दुसरी. दिवंगत राजाची विधवा ती तिसरी. इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथ पहिल्या प्रकारच्या. म्हणून त्यांचे पती राजा झाले नाहीत. हिंदीत ‘महारानी’ व मराठीत ‘राणी’ हे शब्द सर्वांनाच लावले जातात. अनुवाद करताना पहिलीस ‘राज्यकर्ती राणी’ असे स्पष्ट लिहावे. ‘राजमाता’ म्हणजे विद्यमान राजाची आई. प्रत्येक विधवा राणी राजमाता असेलच असे नाही.

‘एअर अपॅरंट’ म्हणजे ज्याचा हक्क पुढे जन्मणाऱ्या कोणामुळेही जाणार नाही असा वारस. ‘एअर प्रिझम्टिव्ह’ म्हणजे तूर्तचा वारस. पहिल्यास ‘युवराज’ शोभते. दुसऱ्यास ‘संभाव्य वारस’ म्हणावे. एलिझाबेथ राज्यावर येण्यापूर्वी दुसऱ्या प्रकारात होत्या, कारण त्यांना भाऊ झाला असता तर गादी त्याच्याकडे गेली असती. ब्रिटनने २०१३ साली कायदा करून मुलास मुलीपुढे मानण्याची ही रीत बंद केली. तो कायदा २०१५ साली अमलात आला.

विलय, राजप्रमुख आणि तनखा

‘अक्सेशन’ या शब्दाचेही दोन अर्थ आहेत. राजा गादीवर बसतो तेव्हा त्याचा अर्थ ‘राज्यारोहण’. १९४७ साली संस्थानांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय भारताकडे सोपविले, तेव्हा त्याचा अर्थ ‘सामीलनामा’. हिंदीत सामान्यतः ‘विलय पत्र’ म्हणतात. पण संपूर्ण विलीनीकरण ही नंतरची, निराळी पायरी होती. ग्वाल्हेर, इंदूर व इतर संस्थाने मिळून १९४८ साली मध्यभारत संघ झाला आणि जिवाजीराव शिंदे त्याचे ‘राजप्रमुख’ झाले. हा शब्द नवा घडविलेला असून संविधानाच्या इंग्रजी पाठातही तो जसाच्या तसा घेण्यात आला होता. राजप्रमुख हे पद वंशपरंपरेचे नव्हते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते संपले आणि मध्यभारत मध्य प्रदेशात समाविष्ट झाला.

संस्थानिकांना मिळणाऱ्या ‘प्रिव्ही पर्स’ला संविधानाच्या हिंदी पाठात ‘निजी थैली’ असा शब्दशः पर्याय आहे. मराठीत ‘तनखा’ हा रुळलेला शब्द चालला. १९७१ साली संविधानाच्या २६ व्या दुरुस्तीने तनखे आणि संस्थानिक म्हणून दिलेली मान्यता ही दोन्ही संपुष्टात आली.

सारखे दिसणारे, वेगळे असणारे

हिंदी व मराठी या भगिनी भाषा असल्या तरी काही शब्द फसवे आहेत. मराठीत ‘संस्थान’ म्हणजे राजाचे राज्य, हिंदीत संस्था. संस्थानास हिंदीत ‘रियासत’ म्हणावे. मराठी ‘राजीनामा’ म्हणजे पद सोडल्याचा कागद, हिंदीत तडजोडीचा. म्हणून राजाने राज्य सोडल्यास दोन्ही भाषांत ‘राज्यत्याग’ लिहिणे बरे. १९२६ साली इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी पुत्रासाठी गादी सोडली, तो असा राज्यत्याग होता. ‘खालसा’ म्हटले की हिंदी वाचकास शीख पंथाचे स्मरण होते. जमिनीच्या नोंदीतील ‘फेरफारा’स मध्य प्रदेशात ‘नामांतरण’ म्हणतात, तर आपल्याकडे ‘नामांतर’ म्हणजे केवळ नाव बदलणे. मराठी ‘मृत्युपत्र’ हे हिंदीत ‘वसीयतनामा’ होते.

प्रस्तुत लेखकाने एकदा ग्वाल्हेरच्या एका मराठी कुटुंबाच्या कागदांचा हिंदी गोषवारा करताना ‘अज्ञान मुलगा’ असे तसेच ठेवले. त्या घरचे आजोबा हसून म्हणाले, “अहो साहेब, आमचा नातू वर्गात पहिला येतो, त्याला अज्ञानी कशाला ठरवता? ‘नाबालिग’ लिहा!” तो धडा कायमचा लक्षात राहिला.

राजाचा नियम घराला लागत नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. गादी एकाची, ती पुत्राची, पुत्र नसेल तर दत्तकाची: हा राजपदाचा नियम होता. तो मनात इतका मुरला आहे की पुष्कळ कुटुंबांत शेतजमिनीलाही तोच लावला जातो. वडील वारले की थोरल्याचे नाव पुढे येते. बहिणींची नावे राहून जातात किंवा हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेतल्या जातात.

कायदा असे म्हणत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाचे मुलगे, मुली, विधवा आणि आई हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस होत. याच अधिनियमाच्या कलम ५ मध्ये, संस्थानिकांनी भारत सरकारशी केलेल्या करारानुसार एकाच वारसाकडे जाणारी इस्टेट वगळलेली आहे. म्हणजे ‘एकच वारस’ हा राजघराण्यांपुरता अपवाद होता. आपल्या घरांसाठी तो नियम कधीच नव्हता. महाराष्ट्राने १९९४ साली आणि संसदेने २००५ साली दुरुस्ती करून मुलीस वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात नव्हते या कारणावरून हा हक्क नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. दत्तकाच्या बाबतीतही १९५६ च्या स्वतंत्र अधिनियमाने मुलगी दत्तक घेण्याची मोकळीक दिली आहे. अन्य धर्मीयांसाठी त्यांचे त्यांचे वारसा कायदे लागू होतात.

खातेदार वारल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसांनी महसूल दप्तरास कळवावे. वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये, सर्व वारसांची नावे यावीत. फेरफार ही महसुली नोंद आहे; केवळ तीवरून मालकी निर्माण होत नाही, आणि नाव राहून गेले म्हणून बहिणीचा हक्क बुडत नाही. तथापि चुकलेली नोंद पुढे वर्षानुवर्षांच्या दाव्यास कारण होते. हक्कसोड ही स्वेच्छेची बाब आहे. कागद वाचून, समजून आणि नोंदणी करूनच तो करावा. सणाला माहेरी आलेल्या बहिणीपुढे एकाएकी ठेवण्याचा तो कागद नव्हे.

शिक्षकांसाठी शब्दसंग्रह

सक्सेशन : हिंदी उत्तराधिकार, मराठी उत्तराधिकार, वारसा.
एअर : हिंदी वारिस, मराठी वारस.
अडॉप्शन : हिंदी गोद लेना, दत्तक ग्रहण, मराठी दत्तक घेणे.
मायनर : हिंदी नाबालिग, अवयस्क, मराठी अज्ञान, अल्पवयीन.
कॉरोनेशन : हिंदी राजतिलक, राज्याभिषेक, मराठी राज्याभिषेक.
थ्रोन : हिंदी सिंहासन, राजगद्दी, मराठी सिंहासन, गादी.
अॅब्डिकेशन : हिंदी राज्यत्याग, मराठी राज्यत्याग.
प्रिन्सली स्टेट : हिंदी रियासत, मराठी संस्थान.
विल : हिंदी वसीयतनामा, मराठी मृत्युपत्र.

वर्गात हे शब्द शिकविताना विद्यार्थ्यांस दोन प्रश्न अवश्य विचारावेत. झाशीचा दत्तक मालमत्तेचा वारस ठरतो, मग राज्याचा का ठरला नाही? आणि आपल्या घरी वारस कोण कोण आहेत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकात मिळेल. दुसऱ्याचे उत्तर देताना मुलाने आपल्या बहिणीचेही नाव घेतले, तर धडा नीट समजला असे मानावे.